१६० फुटांतून ५०० फुटांत: एका जोडप्याने नवं घर कसं लावलं

हे प्रकरण वरळीच्या बीडीडी चाळीतून नव्या टॉवरमध्ये राहायला आलेल्या एका जोडप्याचं आहे. लिहायला दोघांचीही संमती आहे. ओळख पटू नये म्हणून नावं, मजला आणि नोकरीचं ठिकाण वगळलं आहे, खोल्यांची मापंही थोडी इकडेतिकडे केली आहेत. मी लहान घरांच्या आतल्या मांडणीचं काम करते. त्यांच्या पुतणीमुळे माझी ओळख झाली. मी त्यांना भाऊ आणि वहिनी म्हणते, इथेही तसंच म्हणते.

पार्श्वभूमी

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. या खात्याने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे तळमजला अधिक तीन मजल्यांच्या चाळी बांधल्या. एकट्या वरळीत अशा १२१ इमारती होत्या. एका मजल्यावर वीस खोल्या, मधून लांब गॅलरी, टोकाला सामाईक संडास. खोली १६० चौरस फुटांची. आता म्हाडाच्या पुनर्विकासात वरळीतल्या त्याच कुटुंबांना ५०० चौरस फुटांचं, दोन झोपायच्या खोल्यांचं घर मालकीहक्काने मिळतं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. भाऊ-वहिनी त्यांतलेच.

लग्नाला २४ वर्षं झालेली. भाऊ एका कंपनीत सुरक्षा पर्यवेक्षक आहेत आणि कायम रात्रपाळी करतात. पगार १९ हजार. सकाळी साडेसातला घरी येतात, आठला झोपतात, दोनला उठतात. वहिनी शिवणकाम करतात: ब्लाउज, फॉल-बीडिंग, लहान मुलींचे परकर-पोलके. महिन्याला सरासरी ११-१२ हजार सुटतात, नवरात्रापासून दिवाळीपर्यंत त्याच्या दुप्पट. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, महिन्यातून एकदा येतो. सासूबाई शेवटपर्यंत यांच्याजवळच होत्या. म्हणजे या दोघांना स्वतःची, दार लावता येईल अशी खोली लग्नापासून कधी मिळालीच नव्हती. हे वहिनींनी मला पहिल्या भेटीत सांगितलं नाही, तिसऱ्या भेटीत सांगितलं. ते आधी कळतं तर माझे सुरुवातीचे दोन सल्ले वेगळे असते.

चाळीत भाऊ माळ्यावर झोपायचे. खाली दाराशी वहिनींचं पायमशीन, त्याला गॅलरीतला उजेड. मधोमध सागवानी खाट, ३ फूट बाय ६ फूट, भाऊंच्या वडिलांनी गिरणीत कामाला असताना करून घेतलेली. पाहुणे तिच्याच कडेवर बसायचे. कापड कापायचं ते जमिनीवर. चाळ रिकामी केल्यावर मधली काही वर्षं जवळच एका बैठ्या चाळीत भाड्याने काढली. तिथेही दार थेट गल्लीत उघडायचं, त्यामुळे गिऱ्हाईक तुटलं नाही. खाट आणि मशीन दोन्ही सोबतच फिरले.

अडचण

चाव्या मिळाल्या तेव्हा बँकेत २ लाख १० हजार रुपये होते. २७ ऑगस्टला गणपती, दोघं गावाला जाणार. २ ऑक्टोबरला दसरा, २१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन. भाऊंचं म्हणणं असं की दसऱ्याला गृहप्रवेश करायचा तर घर पूर्ण लागलेलं हवं, अर्धवट घरात पूजा नको. वहिनींना मात्र नेमक्या त्याच सहा आठवड्यांत वर्षातली सगळ्यात मोठी कमाई करायची होती.

त्यातच ते दोघं एका मोठ्या फर्निचरच्या दुकानात जाऊन आले होते. दुकानाने 'पूर्ण घर' असा एकच भाव दिला: तीन अधिक एक अधिक एक असा सोफा, ६ बाय साडेसहाचा पलंग गादीसकट, तीन दारांचं कपाट, चार खुर्च्यांचं जेवणाचं टेबल. एकूण २ लाख ६५ हजार. आधी ६० हजार द्यायचे, उरलेले अठरा हप्त्यांत. ऑफर दिवाळीपर्यंतच. भाऊंनी ५ हजार रुपये देऊन भाव धरून ठेवला होता, आणि ही गोष्ट वहिनींना घरी आल्यावर कळली. माझ्याकडे ते आले ते या पाच हजारांवरून झालेल्या अबोल्यानंतर.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय दुकानाचा. सोयीचा होता, एका दिवसात घर भरलं असतं. मी कागदावर एकच आकडा काढून दाखवला. २ लाख ५ हजार भागिले १८, म्हणजे महिन्याला जवळजवळ ११,४००. भाऊ तो आकडा बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे हिचं मशीन दीड वर्ष सोफ्यासाठी चालणार." त्यांनीच म्हटलं हे बरं झालं. मी म्हटलं असतं तर ते परक्या बाईचं बोलणं ठरलं असतं.

दुसरा पर्याय सुताराचा: किचनच्या ट्रॉल्यांपासून कपाटांपर्यंत सगळं एकदम. ओळखीच्या सुताराने माल आणि मजुरी धरून ३ लाख १० हजार सांगितले आणि दीड महिना मागितला. पैशांपेक्षा मोठी अडचण भुशाची होती. प्लाय कापण्याचा भुसा आणि लोकांच्या लग्नाच्या साड्यांचे ब्लाउज एका घरात राहू शकत नाहीत.

तिसरा पर्याय मी सुचवला. आहे त्या सामानासह राहायला जायचं, पडदे-पंखे-दिवे एवढंच आधी करायचं, दिवाळी होऊ द्यायची आणि लाकडाच्या कामाला मग हात घालायचा. दोन महिने राहून बघितल्याशिवाय पक्कं काहीही करू नये, हे मी प्रत्येक लहान घराला सांगते. कोणत्या खिडकीतून किती वाजता ऊन येतं, दुपारी कोण कुठे बसतं, ओले कपडे कुठे वाळतात, हे नकाशावर कळत नाही.

भाऊंना ते पटलं नाही. "नव्या घरात जुनी खाट घेऊन गेलो तर लोक काय म्हणतील?" असं त्यांनी सरळ विचारलं. हा प्रश्न मी हलका मानत नाही. शंभर वर्षं जुन्या चाळीतून माणूस टॉवरमध्ये येतो, सगळे नातेवाईक बघायला येणार असतात, तेव्हा घर लागलेलं दिसावं असं वाटणं अगदी रास्त आहे.

रांगोळीने मापं

वाद शब्दांत सुटेना, म्हणून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं रिकाम्या घरात गेलो. एरवी मी जमिनीवर चिकटपट्टी लावून सामानाचा आकार दाखवते. त्या दिवशी पट्टी विसरले. वहिनी शेजारणीकडून रांगोळीचा डबा घेऊन आल्या.

मोठी खोली ९ बाय ११. समोरच्या भिंतीत न्हाणीघराचं दार, त्यामुळे कपाट पलंगाच्या कुशीलाच येणार. वहिनींनी मेजर टेपच्या कडेने पांढरी रेघ ओढत ६ फुटांचा पलंग काढला, मग २ फूट खोलीचं कपाट. उरला एक फूट. भाऊ त्या एका फुटात अंग वळवून उभे राहिले आणि कपाटाचं दार उघडल्यासारखा हात फिरवला. दाराची फळी दीड फुटाची. हात पलंगाच्या रेघेच्या आत गेला. त्यांनी पुन्हा एकदा करून बघितलं. मग काही न बोलता हॉलमध्ये आले.

हॉलमध्ये सोफा आणि जेवणाचं टेबल काढल्यावर मुख्य दारापासून किचनपर्यंत जायला जेमतेम दीड फुटाची वाट उरत होती. वहिनी त्या वाटेने हातात कळशी असल्यासारख्या चालल्या. रांगोळी दोन ठिकाणी विस्कटली. पाच हजार गेले तरी चालतील, हे भाऊंनी तिथेच ठरवलं. पुढे दुकानाने त्यांतले काही परत केले.

इथे माझं चुकलं. सोफ्याची रेघ पुसताना मी म्हणाले, "सोफ्याची तशी गरजच नाही." वहिनी गप्प झाल्या. मला ते समाधान वाटलं. खरं तर २४ वर्षं त्यांच्याकडे आलेला प्रत्येक माणूस खाटेच्या कडेवर अवघडून बसला होता, आणि आलेल्या माणसाला नीट टेकून बसता यावं एवढीच त्यांची नव्या घराकडून मागणी होती. दुकानातल्या यादीतली त्यांना मनापासून हवी असलेली तीच एक वस्तू होती. पलंग भाऊंना हवा होता, टेबल नणंदेने सुचवलं होतं. कोणती वस्तू कोणाला हवी आहे, हे दोघांना वेगवेगळं विचारायला हवं होतं. मी एकत्र विचारलं, आणि एकत्र विचारलं की ज्याचा आवाज मोठा त्याची यादी तयार होते.

मोठी खोली कोणाला?

सगळ्यात अवघड निर्णय हा होता. नकाशात मोठ्या खोलीवर 'मास्टर बेडरूम' लिहिलेलं असतं आणि माणसं ते आज्ञेसारखं पाळतात. मी वहिनींना त्यांचा दिवस तासातासाने सांगायला लावला. मशीन सकाळी नऊ ते एक आणि दुपारी चार ते आठ. म्हणजे सकाळी मशीन चालतं तेव्हा भाऊ झोपलेले. गिऱ्हाईक सगळ्या बायका, माप द्यायला आणि घालून बघायला आडोसा लागतो. टाचण्या, धाग्याचे तुकडे, इस्त्री, हे हॉलमध्ये नको. आणि शिवताना सुई डाव्या हाताला येते, म्हणून उजेडही डावीकडून हवा. मोठ्या खोलीची खिडकी अगदी तशी होती.

लहान खोली ८ बाय ९, एकच खिडकी, किचनपासून लांब. जाड पडदा लावला की भर दुपारी रात्र. पाच फुटी पलंग बसून बाजूला तीन फूट मोकळे राहतात. कपाट तिथे ठेवायचंच नाही, ते शिवणाच्या खोलीत.

भाऊंनी दोन दिवस मागितले. नणंदेचा फोन आला, "घरातली मोठी खोली मशीनला देतात का कुठे?" वहिनींनी उत्तर दिलं नाही, फोन भाऊंना दिला. ते काय बोलले ते मला ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी होकार कळवला. वर एवढंच म्हणाले, "लहान तर लहान, दार लागतंय ना!"

काय केलं

दसऱ्याला कलश पूजून गृहप्रवेश झाला. घरात तेव्हा पंखे, दिवे, लहान खोलीचा जाड पडदा, वाळत घालायच्या दांड्या, जुनं लोखंडी कपाट, खाट आणि मशीन एवढंच होतं. नातेवाईक आले, सतरंजीवर बसले, जेवून गेले. बोलणारे बोलले.

टॉवरची भिंत काँक्रीटची, खिळा ठोकला तर वाकतो. हॅमर ड्रिलवाला एकदाच बोलवायचा, म्हणून सगळ्या घरातल्या भोकांच्या जागा पेन्सिलीने आधी खुणा करून ठेवल्या: दांड्या, पडदे, देव्हारा, घड्याळ, सासूबाईंचा फोटो. त्याने दोन तासांत काम संपवलं.

पहिले अकरा दिवस दोघांचीही झोप नव्या खोलीत लागेना. गॅलरीतला आवाज नाही, नळाला भांडी लागल्याचा आवाज नाही. भाऊ दुपारी उठून हॉलमध्ये येऊन आडवे व्हायचे. बाराव्या दिवशी वहिनींनी जुना टेबलफॅन लावून दिला, त्याच्या घरघरीत त्यांना झोप लागली. तो पंखा अजून तिथेच आहे.

दिवाळी झाल्यावर तुळशीच्या लग्नाच्या आधी सुताराला दहा दिवस दिले. कपाटासाठी १८ मिलिमीटर प्लाय घेतला. दुकानदार 'वॉटरप्रूफ आहे' असं सगळ्याच प्लायबद्दल सांगतो. शीटवर छापलेला आयएस (भारतीय मानक) क्रमांक बघावा: ७१० म्हणजे पाण्यात टिकणारा, महाग. ३०३ म्हणजे साधा, आणि त्यातही ओलाव्याला जास्त टिकणारी वरची प्रत असते. न्हाणीघराच्या भिंतीकडच्या भागाला ७१०, बाकी ३०३ मधली वरची प्रत घेतली. सनमायका दोन्ही अंगांनी लावला, कारण एकाच अंगाने लावला की फळी बाक धरते. कपाट भिंतीपासून बोटभर सोडून उभं केलं.

खाटेचं काय करायचं, हे मी ठरवलं नाही. सुताराने तिच्यावर टिचकी मारून बघितलं आणि "हे लाकूड आता मिळत नाही" म्हणाला. भाऊ तिथेच उभे होते. माझ्या डोक्यात आधीपासून कापायच्या टेबलाचा विचार होता, कारण वहिनी २४ वर्षं गुडघे मोडून जमिनीवर कापत आल्या होत्या. पण सासऱ्यांची खाट कापा असं मी सांगणं बरं दिसलं नसतं. वहिनी म्हणाल्या, "कापायची नाही, उंच करायची." चारही पायांना सागाचेच तुकडे जोडून उंची ३३ इंच केली. वहिनींची उंची चार फूट अकरा इंच, कोपर साधारण ३७ इंचांवर येतं. कापायचं टेबल कोपराच्या तीन-चार इंच खाली असावं म्हणजे खांदे वर खेचले जात नाहीत. ३ बाय ६ ची खाट, कापायला याहून चांगलं माप मागूनही मिळालं नसतं. जोड दिसतो. जुनं लाकूड काळपट, नवं पिवळसर. पॉलिश करून एकसारखं करतो असं सुतार म्हणाला, भाऊंनी नको सांगितलं.

सोफा डिसेंबरात आला. दोन माणसांचा, पाच फुटी, पाठ सरळ, २४,५०० रुपयांना. वहिनींनी तो स्वतः जाऊन, चार दुकानांत बसून बघून निवडला. मी सोबत गेले, मत दिलं नाही.

निकाल

फेब्रुवारी २०२६ पर्यंत एकूण खर्च १ लाख ६२ हजार ४०० झाला. त्यात ३१ हजारांचा पलंग-गादी, ६८ हजारांचं सुतारकाम आणि १४ हजारांत मशीनला मोटर व कापडाच्या कडा शिवणारं जुनं इंटरलॉक मशीन धरलं आहे. कर्ज नाही, ४७ हजार ६०० शिल्लक आहेत.

सगळं जमलं असं नाही. पहिले दोन महिने शिवणाचं काम निम्म्यावर आलं. चाळीत येता-जाता बाई दारात थांबायची आणि ब्लाउज टाकून जायची. टॉवरमध्ये लिफ्ट थेट मजल्यावर सोडते, दारं बंद. याचा अंदाज मला यायला हवा होता. मी फर्निचर मोजत बसले, गिऱ्हाईक कोणत्या वाटेने येतं ते मोजलंच नाही. वहिनींनी संध्याकाळी चार ते सात मुख्य दार उघडं ठेवायला सुरुवात केली, फक्त पडदा लावून. जुन्या चाळीतल्या बायकांच्या व्हॉट्सअॅप गटावर वेळ टाकली. जानेवारीपासून काम पूर्ववत आहे, आणि समोरच्या घरातल्या आजीही आता त्याच वेळेला आपलं दार उघडून खुर्ची टाकतात.

इंटरलॉकचा आवाज लहान खोलीत जातो. मशीनखाली जाड रबर घातलं, सामाईक भिंतीपासून मशीन हलवलं, तरी पुरता थांबला नाही. आता इंटरलॉकचं काम दोननंतरच होतं.

पुन्हा करायचं झालं तर

दोघांच्या याद्या वेगवेगळ्या, वेगळ्या दिवशी घ्यायच्या, हे मी आता नेमाने करते. सोफा डिसेंबरऐवजी दसऱ्याआधी आणायला हवा होता. पैसे होते, जागाही होती. गृहप्रवेशाच्या दिवशी वहिनींच्या माहेरची माणसं सतरंजीवर बसली ते त्यांना लागलं होतं, आणि ते माझ्या एका वाक्यामुळे झालं.

ओट्याकडे आम्ही तिघांनीही दुर्लक्ष केलं. तयार ओटा ३४ इंचांचा. भांडी-चिरण्याला ठीक, पण पोळ्या लाटताना वहिनींचे खांदे वर चढतात. ओटा फोडणं परवडणारं नाही आणि खाली पाट घेऊन उभं राहणं धोक्याचं. सध्या त्या शिवणाच्या खोलीतल्या स्टुलावर पोळपाट ठेवून लाटतात, ते मला बरोबर वाटत नाही.

जेवणाचं टेबल घेतलं नाही, ते तेव्हा योग्यच होतं. पण जानेवारीपासून भाऊंचा उजवा गुडघा दुखतो आणि खाली बसून उठायला त्रास होतो. किचनच्या बाहेरच्या भिंतीला घडीचं टेबल लावायचं ठरलं आहे: उघडल्यावर ३ फूट लांब, २ फूट रुंद, बंद केल्यावर भिंतीपासून चार इंच. उंची वहिनींनी सांगितली, २९ इंच, म्हणजे त्यावर पोळ्याही लाटता येतील. हॅमर ड्रिलवाला आणि सुतार दोघंही येत्या रविवारी येणार आहेत.